दगडाला पाणी

पाण्याचा तांब्या घेऊन मी उंबऱ्यात उभी होते, आणि जावई माझ्याकडं पाठ करून मीटरच्या पेटीत डोकं घालून उभा होता. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला देवाच्या जागी मानायचं, त्याचे पाय धुवायचे, तेहतीस अनारशांचं ताट त्याच्या हातात द्यायचं. आणि इथं पाय धुवायचे कुणाचे, तर त्याची बोटं भिंतीकडं.

कुणाचाही जावई सासुरवाडीला आला की आधी पाणी घेतो. आमचा आधी फ्यूज बघतो. वीस वर्षं हेच चाललं होतं. उज्वलाला मागायला आला तेव्हासुद्धा चहाची बशी खाली ठेवून म्हणाला होता, की त्या पंख्याची तार उघडी पडलीय. हा पोरीकडं बघायला आलाय का पंख्याकडं, असं मी आमच्या मालकांना आत जाऊन विचारलं होतं. मालक हसले होते. त्यांना तो आवडायचा. मला नाही. आमच्यातला नव्हता, सुताराचा होता, आणि सुतारकी सोडून विजेच्या खांबावर चढत होता. बोलायचा तर मोजून. न बोलणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. आत काय शिजतंय त्याचा वासही येत नाही. म्हणून मी त्याला कधी जावईबापू म्हटलं नाही, निवृत्ती म्हणूनही हाक मारली नाही. "अहो वायरमन" म्हणायची, आणि तो मुकाट ओ द्यायचा.

एरवी अशा वेळी मी त्याला चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी गिळले, कारण मला राग परवडत नव्हता.

माझी मिरची कांडपाची डंकी आहे, मिरजेपासून तासाभराच्या गावात. एक मोटर, चार लोखंडी मुसळं, आणि चाळण धरायला इठाबाई. शाळा माझी दुसरीपर्यंत झाली, पण मिरची मुठीत दाबली की ती कुठली आणि किती उन्हं खाल्लेली ते मी डोळे मिटून सांगते. मालक गेल्यावर डंकी मी एकटीनं चालवली. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. काही बायका चटणीपेक्षा माझं बोलणं ऐकायलाच येतात, असं इठाबाई म्हणायची, आणि ते मला मनातून आवडायचं.

त्या धोंड्याच्या आधीच्या दिवाळीत मी डंकीपुढंच कोसळले. डोळे उघडले ते मिरजेच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी सांगितलं, तुमचं हृदय मधेच घोडं उधळावं तसं उधळतं, आणि एखाद्या वेळी थांबायचं नाही. मग डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत एक डबी बसवली, काड्यापेटीहून थोडी मोठी. तिच्यातून एक तार हृदयापर्यंत. हृदय उधळलं की डबी आतून विजेची लाथ मारणार आणि त्याला ताळ्यावर आणणार. लाथ बसली की लगेच येऊन दाखवा, असंही बजावलं होतं.

चार-पाच महिने डबी गप्प होती. चैत्रात पहिली लाथ बसली. एकीनं ओली मिरची आणली होती. ओली मिरची कुटली की मुसळाला चिकटते, चटणीला बुरशी येते. मी तिला व्यवस्थित समजावलं, माझ्या पद्धतीनं, आणि मागं वळून बोलत बोलतच अंगणातल्या नळावर हात धुवायला गेले. नळ धरला, हात चोळत होते, आणि छातीत म्हशीनं लाथ घातल्यासारखी मी मागं फेकली गेले. शुद्ध होती, सगळं दिसत होतं. त्यामुळं जास्त भ्याले.

दुसरी त्याच नळावर, दूधवाल्याला त्याच्या दुधाबद्दल बोलता बोलता. तिसरी न्हाणीत, आंघोळीला नळ सोडून मी जावयाच्या नावानं पुटपुटत होते तेव्हा.

तीन वेळा राग, तीन वेळा लाथ. मला वेगळं कुणी सांगायला नको होतं. डबीला माझा राग खपत नव्हता. गल्लीत तर बोललंच जायचं, की मिरजेच्या डॉक्टरनं आक्कांच्या छातीत सासू बसवलीय. मी दवाखान्यात दाखवायला गेले नाही. एक तर ऐन कांडपाचे दिवस, आणि तिथं जाऊन सांगायचं काय, की मी चिडते म्हणून मार खाते?

मग मी बोलणंच सोडलं. मिरची ओली असली तरी "बरं बाई" म्हणायची. पीठ सांडलं तरी "असू दे". माझं "बरं बाई" ऐकून बायका घाबरल्या. त्यातल्या एकीनं उज्वलाला फोन करून कळवलं की तुझ्या आईचं काही खरं नाही, ती गोड बोलायला लागलीय.

उज्वलानं दवाखान्यात सोमवारची वेळ घेतली. मी तिला सांगून टाकलं, येते, पण डबी बंद करून घ्यायला येते. ती रडली. डॉक्टरांशी फोनवर बोलली. त्यांनी सांगितलं, बंद करता येते, पण पुढच्या वेळी हृदय उधळलं तर आवरायला कुणी नसेल.

"उधळू दे," मी म्हटलं. "बरं बाई म्हणत जगण्यापेक्षा बोलत मरेन."

आणि सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, धोंड्याचं जेवण. एकदा जाता जाता लेकीला आणि जावयाला रीतीनं जेवू घालावं, एवढाच हिशेब मी मनाशी केला होता. म्हणून तांब्या हातात धरून तोंड दाबून उभी होते.

त्यानं पेटी मिटली. पाणी घेतलं नाहीच. उज्वलाला विचारलं, लाथा कुठं कुठं बसल्या. तिनं सांगितलं, दोन नळावर, एक न्हाणीत.

"तिन्ही पाण्यापाशी," तो म्हणाला.

"तिन्ही रागात," मी म्हटलं.

"आक्का, डंकीवर बसून राग येत न्हाई काय तुम्हाला?"

"तिथंच जास्त येतो."

"मग तिथं लाथ कधी बसली?"

मी इठाबाईकडं बघितलं. इठाबाईनं पदर तोंडाला लावला. डंकीवर एकदाही बसली नव्हती.

"राग तुम्हाला पन्नास वर्षं येतोय," तो म्हणाला. "नळ तर रोजचाच. लाथा या चैत्रापासनंच. तवापासनं घरात नवं काय केलं?"

वीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एका दमात इतकं बोलला नव्हता. आणि बोलला ते खोचून. मला उत्तर देता आलं असतं, पण जीभ दाताखाली धरली. नवं काय केलं ते त्याच्या पायाखालीच होतं. अंगणभर शहाबादी फरशी. गुढीपाडव्याला घालून घेतली, मिरची वाळत टाकायला. त्याआधी तिथं माती होती, आणि कोपऱ्यात मधोमध भोक असलेला एक चौकोनी दगड. त्या भोकात मालक रोज सकाळी एक बादली पाणी ओतायचे. तिथं ना झाड, ना रोप, ना देव. मी किती वेळा म्हटलं असेन, दगडाला पाणी घालताय, कोंब फुटला की मला हाक मारा. "फुटला की सांगतो," म्हणायचे आणि बादली पालथी घालायचे. ते गेल्यावर ते पाणी बंद झालं. पुढं फरशी घालताना गवंडी म्हणाला, दगड मधे येतोय, आणि दगडाच्या कडेनं एक पत्र्याची पट्टी वर आलीय. मी म्हटलं, दगड दाबून टाक, आणि पट्टी काप.

हे मला आठवत होतं, पण त्याचं आणि लाथेचं काही नातं असेल हे कसं कळावं. फरशी, एवढंच सांगितलं.

त्यानं फटफटीच्या पेटीतून एक बल्ब आणला. बल्बाला दोन वायरी. तो म्हणाला, एक टोक विजेला आणि एक टोक घराच्या अर्थिंगला लावायचं. अर्थिंग जिवंत असेल तर बल्ब लख्ख पेटतो. त्यानं लावलं. बल्ब पेटला नाही. आतली तार नुसती लाल झाली, विझत आलेल्या उदबत्तीसारखी.

त्या वेळी स्वयंपाकघरात पुरणाचे धोंडे तळून झाले होते, ताट मांडलेलं होतं, पाटाभोवती रांगोळी होती. मला वाटलं, आता पुरे. हा बल्ब बघत बसेल आणि धोंडे गार होतील. निदान दिव्याला हात जोडायला तरी हात धुवावेत म्हणून मी नळाकडं गेले. बोटं तुपानं माखलेली. उज्वलानं टाकी भरायला बोअरची मोटर सुरू केली होती, तिचा आवाज येत होता. मी नळाला हात घालणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"आक्का, हात मागं घ्या."

तो ओरडला. माझ्यावर. माझ्या अंगणात, माझ्या लेकीसमोर, इठाबाईसमोर. माझा हात हवेतच राहिला. आयुष्यात माझ्यावर एवढ्या मोठ्यानं मालकसुद्धा ओरडले नव्हते. कानशिलं तापली, आणि मी आपोआप छातीवर हात ठेवून वाट बघितली. आता बसणार लाथ. एवढा राग मला वर्षात आला नव्हता.

लाथ बसली नाही.

तो पळत आला, मला दोन पावलं मागं केलं, म्हणजे हात न लावता नुसतं मधे येऊन. मग त्यानं छोटं यंत्र काढलं. एक काडी नळाला लावली, एक ओल्या फरशीला. यंत्रावर आकडा आला. उज्वलानं वाचला, सहा.

"सहा म्हणजे किती?" मी विचारलं.

"काहीच न्हाई. मला कळणार न्हाई, इठामावशीला कळणार न्हाई. मुंगी चावल्यागतसुद्धा वाटायचं न्हाई." मग त्यानं उज्वलाला मोटर बंद करायला सांगितली. आकडा शून्यावर आला. चालू केली, पुन्हा सहा. "मोटर जुनी झालीया. तिच्यातनं बारीक करंट पाइपात उतरतोय, पाइपातनं नळात. न्हाणीचा नळ पण त्याच पाइपावर. तुम्ही ओल्या पायानं नळ धरला की तुमच्यातनं खाली जातोय."

"मग मला कळलं कसं न्हाई?"

"तुम्हाला न्हाई कळलं. डबीला कळलं."

सदऱ्याच्या खिशातून त्यानं एक पुस्तक काढलं, घडी पडून मऊ झालेलं. डबीबरोबर दवाखान्यातून मिळालेलं होतं ते. दिवाळीत त्यानं मागितलं तेव्हा मी म्हटलं होतं, घेऊन जा, तारांचंच असेल काहीतरी. सहा महिने तो ते खिशात घालून फिरत होता. आता त्यानं मला जसं सांगितलं तसं मी सांगते. हृदय स्वतः एक बारीक वीज काढतं, एका ठोक्याला एकदा. डबी तारेतून तीच ऐकत बसलेली असते. बाहेरची वीज अंगातून गेली तर डबीच्या कानाशी कुणी ताशा बडवल्यासारखं होतं. डबी चांगली बनवलेली असते, पुष्कळसा गोंगाट ती गाळून टाकते, पण ताशा तारेतूनच आत शिरला तर तिला वाटतं हृदयच उधळलं. मग ती तिचं काम करते.

"डबी खोटं बोलत नव्हती, आक्का," तो म्हणाला. "तिला जे ऐकू आलं ते तिनं खरं मानलं."

मग तो अंगणभर नजर फिरवत म्हणाला, "अण्णा पाणी घालायचे तो दगड कुठाय?"

अण्णा म्हणजे आमचे मालक. मी कोपऱ्याकडं बोट केलं. तिथंच पाट मांडला होता, त्याच्याच जेवणाचा, सावली होती म्हणून. रांगोळी, ताट, समई, सगळं त्या जागेवर.

"पाट हलवावा लागंल," तो म्हणाला. "फरशी फोडतो."

त्यानंच पाट उचलला, ताट उज्वलाच्या हातात दिलं, आणि छिन्नी-हातोडा घेऊन रांगोळीवरच बसला. दोन फरश्या गेल्या. खाली सिमेंट, त्याखाली तो दगड, आणि दगडाच्या कडेला कापलेली पट्टी. पट्टीचं वरचं टोक भिंतीतून डंकीकडं, बोअरच्या मोटरीकडं गेलेलं, आणि खालचं जमिनीत. मधे चार बोटं अंतर. कापलेली कड अजून चकचकीत होती.

त्यानं पट्टीवरून बोट फिरवलं. "कुणी कापली?"

गवंडी मेहबूब परगावचा, परत यायचा नव्हता. त्याच्यावर ढकललं असतं तर कुणी विचारलं नसतं. इठाबाई मात्र फरशीच्या दिवशी इथंच होती, आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. न बघण्याचा तिचा प्रकार मला माहीत होता.

"मी कापायला सांगितली," मी म्हटलं.

त्यानं हातोडा खाली ठेवला. मग सांगायला लागला, खड्ड्याकडं बघत, जणू त्यालाच सांगत होता.

डंकी बसवली तेव्हा हा खड्डा त्यानंच खणला होता. एकवीस वर्षांचा होता, एका वायरमनच्या हाताखाली काम करायचा. छातीएवढा खोल. तळाशी पत्रा, त्यावर कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. वर पाइप, पाइपावर दगड. मशिनीत कुठं वीज फुटली तर ती माणसातून न जाता या वाटेनं जमिनीत जावी म्हणून. जमीन कोरडी पडली की ही वाट बंद होते, म्हणून पाणी. मालकांनी त्याला विचारलं होतं, किती घालायचं. तो म्हणाला होता, उन्हाळ्यात रोज बादलीभर. गडी असेल तर त्याला सांगून ठेवा.

"अण्णा म्हणाले, गड्याचं काम न्हाई, मीच घालीन. म्हणाले, ही मशीन माझ्यापेक्षा तिच्या अंगाला जास्त लागणार. दिवसभर तिचे हात ओले. तिला सांगाय गेलो तर म्हणंल, मला शिकवताय व्हय. त्यापेक्षा पाणी घातलेलं बरं." त्यानं हाताची माती झटकली. "मी म्हटलं, पावसाळ्यात नको घालाय. तर म्हणाले, बारा महिने घालतो. तिचा राग बारा महिने असतोय, पाणी पण असू दे."

उज्वला हसली आणि तिचे डोळे भरून आले. मी तिथं फार वेळ उभी राहिले नाही. आत जाऊन कोळसा घेऊन आले. चुलीचा कोळसा आमच्याकडं असतोच. जाड मीठ मी डब्यासकट आणलं. इठाबाईनं तिच्या घरून दोन घागरी पाणी आणलं, कारण आमची मोटर आता बंद ठेवायची होती, बाहेर काढून दुरुस्त होईपर्यंत.

त्यानं पट्टी जोडली, बोल्ट आवळले, कोळसा-मीठ भरलं. मग दगडाच्या भोकाकडं हात केला आणि बाजूला झाला. बादली मी उचलली. वजन पेलवेना, तरी उज्वलाला हात लावू दिला नाही. पाणी आत जाताना घशातून जातं तसा आवाज होतो. तीन वर्षं त्या जागेला पाणी मिळालं नव्हतं, एक बादली तिनं दमात पिऊन टाकली. आणखी तीन ओतल्या.

अर्ध्या तासानं त्यानं पुन्हा बल्ब लावला. दुपारचं ऊन अंगणभर होतं, तरी बल्ब डोळ्यावर आला, इतका लख्ख.

अहो, कोंब फुटला, असं मी मनात म्हटलं. ऐकायचं त्यांनी ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी उज्वला आणि जावयाबरोबर मिरज. डबी बंद करायची का, यावर मी अजून ठाम नव्हते. दुसऱ्याच्या यंत्रावर माझा एका दिवसात विश्वास बसत नाही, मग ते दवाखान्याचं असो की जावयाचं. डबी तपासणारी तिथली पोर चुणचुणीत होती, केसांचा एवढासा बुचडा. तिनं माझ्या खांद्यावर एक चकती ठेवली आणि डबीच्या आतलं सगळं पडद्यावर आलं. कुठल्या दिवशी, किती वाजता, काय झालं. डबी सगळं लिहून ठेवते हे मला माहीत नव्हतं.

तिन्ही लाथा तिनं दाखवल्या. एका ओळीत शिवणयंत्राच्या टाक्यासारखी बारीक दाट नक्षी होती. ती बाहेरची वीज, ती म्हणाली, हृदयाला इतकं भरभर आणि इतकं सारखं चालता येत नाही. त्याच्याखालच्या ओळीत माझं हृदय आपल्या चालीनं चाललेलं, जणू शेजारी काही चाललंच नाही. जावयानं मान हलवली. मग तिनं मोबाइल कुठं ठेवता म्हणून विचारलं. मी झंपरमधून काढून दाखवला, डाव्या बाजूनं. त्यावरून तिनं मला जे ऐकवलं ते ऐकून ती मला आवडली. डंकीवर बसा म्हणाली, पण चालू मोटरीवर छाती टेकून वाकू नका, आणि वेल्डिंग चाललं असेल तिथं थांबू नका.

"आणि आक्का, ही चौथी कधीची?" तिनं विचारलं.

"चौथी नाही बसली."

"लाथ नाही. पण सोळा तारखेला सकाळी नऊ वाजता तुमचं हृदय खरंच उधळलं होतं. डबीनं ते हळूच आवरलं. आधी ती हलके हलके टोचून बघते, त्यानं भागलं तर लाथ मारत नाही. तुम्हाला कळलं पण नसेल."

ओळीवर दिसत होतं. इथं वेडंवाकडं, इथं बारीक बारीक सारखे ठोके, आणि मग पुन्हा आपली चाल.

सोळा तारीख. उज्वलानं बोटांवर मोजलं. अधिक महिन्याचा पहिला दिवस, त्या दिवशी मी अनारशाचं पीठ मळत होते. एकटी. त्या दिवशी मी कुणाला रागावले नव्हते, कुणाशी वाकडं बोलले नव्हते, इठाबाईनं चाळण फाडली तरी असू दे म्हटलं होतं. घरात माझ्याएवढं गोड माणूस त्या दिवशी दुसरं नव्हतं. आणि त्याच दिवशी हृदय उधळलं.

"म्हणजे रागाचा काही संबंध नाही?" मी विचारलं.

"या तिन्ही वेळी तरी नाही," पोर म्हणाली.

"डबी राहू दे," मी म्हटलं.

आता आठ वर्षं झाली. मागल्या साली तिची बॅटरी संपत आली म्हणून नवी बसवली, तेव्हा त्याच पोरीनं मला ओळखलं. बोअरची मोटर मात्र त्या मिरजेच्या फेरीच्याच आठवड्यात नवी आली होती. पेटीत जावयानं एक बटण बसवलं, कुठं जराशी वीज गळली की घराची वीज आपोआप तोडणारं. ते बटण तो सात वर्षं बसवा म्हणत होता आणि मी नवं खूळ म्हणत होते. दगड आता फरशीच्या वर आहे, आणि पाणी मी घालते, बारा महिने.

पण त्या सोमवारचं राहिलं सांगायचं. मिरजेहून आलो तेव्हा दुपार टळली होती. आदल्या दिवशीचं ताट जाळीच्या कपाटात तसंच होतं. रविवारी त्या धांदलीत कुणी रीतीनं जेवलंच नव्हतं, वरण-भात खाऊन झोपलो होतो. मी पाट मांडला, फोडलेल्या जागेच्या शेजारी. नवी रांगोळी घातली नाही, जुनी पुसली गेली होती ती तशीच. तांब्यात पाणी भरून उंबऱ्यात आले, बघते तर जावई पुन्हा पेटीपाशी. नव्या बटणाला जागा कुठं आहे ते बोटानं मोजत होता. मी तांब्या घेऊन उभी आहे हे कळल्यावर दचकला, आणि हात मागं घेऊन सदऱ्याला पुसायला लागला.

"बघून झालं?" मी विचारलं.

तो म्हणाला, झालं. मग पाटावर येऊन बसला. त्याचे पाय मी धुतले, अनारशाचं ताट हातात दिलं. पुढं काय म्हणायचं ते मिरजेहून येताना गाडीत ठरवलं होतं, पण तोंडाशी आलं ते निराळंच.

"जावईबापू," मी म्हटलं. उज्वलाच्या हातातलं वाढणं थांबलं, इठाबाईनं चाळण खाली ठेवली. "पाण्याच्या आधी पेटी उघडणारा जावई मी दुसरा बघितला न्हाई. ही काय रीत न्हवं, आणि चार लोकांत सांगायजोगी तर न्हवंच. पण माझ्या घरात ती मोडायची न्हाई. मी जिती हाय तोवर आधी पेटी बघायची, मग माझ्या हातचं पाणी घ्यायचं. आणि काल माझ्यावर ओरडलासा, त्ये पयलं आणि शेवटचं. आता जेवा. अनारसं वातड झाल्यात, ती तुमच्यापायी."